मास्तरांचा फुटबॉल, भरतीचं मैदान

'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण परभणीच्या माणसाला पाठ करावी लागत नाही. बाहेरगावी कुणी गाव विचारलं की ती आपसूक तोंडातून निघते. म्हणणारा अर्धी अभिमानाने म्हणतो, अर्धी थट्टेने. फुटबॉलपुरतं बोलायचं तर जर्मनीने चार वेळा विश्वचषक जिंकलाय, आणि परभणी जिल्ह्यात हा खेळ कबड्डी, खो-खो, कुस्ती आणि अर्थातच क्रिकेट यांच्या मागे रांगेत कुठंतरी उभा आहे. तालुक्याच्या कॉलेजात संघ उभा करायचा म्हटलं की क्रीडा संचालक, म्हणजे पोरांचे 'पीटी सर', दोन-चार धावणारे हेरतात, एखाद-दुसरा कबड्डीवाला पटवतात आणि व्हॉलीबॉलमधला सगळ्यात उंच पोरगा गोलमध्ये उभा करतात. असे अकरा जमतात. त्यातले तीन-चार खरे फुटबॉलवाले.

मला कुतूहल आहे ते या पोरांच्या डोक्याचं. मराठवाड्यातल्या घरात मुलगा दहावीला पोचायच्या आत त्याच्यावर शिक्का बसलेला असतो. एक तर तो 'हुशार' असतो, नाहीतर 'खेळाडू'. तिसरा रकाना नाही. खेळाडू पोराला घरी विचारायचा प्रश्नही ठरलेला: 'खेळतोस ते ठीक, पण अभ्यासाचं काय?' हुशार पोराला 'अभ्यास करतोस ते ठीक, पण मैदानाचं काय?' असं कुणी विचारल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. दहावी-बारावीला खेळाडूंना जास्तीत जास्त 25 सवलतीचे गुण मिळतात. सोय चांगली आहे, पण वर्गात तिचा उल्लेख ज्या सुरात होतो तो ऐकण्यासारखा असतो. 'त्याला काय, खेळाचे मार्क आहेत.' म्हणजे पोराने स्वतःच्या अकलेवर मिळवलेल्या गुणांवरही त्या सवलतीची सावली पडते.

परभणीची जमीनही आधीपासून या खेळाच्या विरोधात. गोदावरी, पूर्णा आणि दुधनेच्या खोऱ्यातली ही खोल काळी माती कापसाला मानवते, फुटबॉलला नाही. मृगाचा पाऊस लागला की तिचा लगदा बुटाला असा चिकटतो की दहा पावलांत पाय उचलवत नाही, आणि चेंडू पडला तिथंच बसतो. एप्रिल-मेमध्ये तीच माती फाटते. भेगा अशा की घोटा अडकावा. दिवाळीनंतरचे तीन-चार महिने तेवढे खेळण्याजोगे, आणि तेव्हाच सत्र परीक्षा डोक्यावर असतात.

आता ही माती अशी का वागते, हे परभणीत ज्याला वर्गात शिकवलं जातं असा एक विद्यार्थीवर्ग आहे. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ 18 मे 1972 रोजी सुरू झालं; त्याच्या पोटातलं कृषी महाविद्यालय त्याहून जुनं, 1956 सालचं. तिथला बी.एस्सी. कृषीचा विद्यार्थी मृदाशास्त्रात शिकतो की काळ्या मातीत मोंटमोरिलोनाइट जातीची चिकणमाती असते. तिच्या थरांत पाणी शिरलं की ती फुगते, पाणी गेलं की आक्रसते, म्हणून भेगा. सकाळी हे वहीत उतरवून घेणारा पोरगा संध्याकाळी त्याच मातीत घसरून पडतो. मुरूम किती जाड टाकला तर मैदान पाणी सोडेल, चर कुठल्या उताराने काढावा, गवताची कुठली जात या उन्हात तग धरेल, हे प्रश्न त्याच्या पुस्तकातले आणि त्याच्या पायातले एकच आहेत. पण पुस्तक आणि पाय यांची गाठ घालून देणारं प्रात्यक्षिक माझ्या पाहण्यात नाही. मैदानाची काळजी हे शिपायाचं काम आणि मृदाशास्त्र हे पेपरचं काम, अशी वाटणी झालेली आहे.

ही वाटणी परभणीत नेहमीच होती का? त्यासाठी मीटरगेजच्या गाडीत बसून हैदराबादला जावं लागेल.

1956 पर्यंत परभणी हैदराबाद संस्थानात आणि नंतर हैदराबाद राज्यात होती. तेव्हा आजचा हिंगोली जिल्हाही परभणीतच होता. तो वेगळा झाला 1 मे 1999 ला. निजामी अंमलदारांत 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' असं म्हणायची पद्धत होती, यावरून गावाची पत कळते. जिल्ह्यात वरच्या शिक्षणाची सोय नव्हती. ज्याला शिकायचं तो सेलू, परभणी, पूर्णा अशा कुठल्या तरी स्टेशनावर मनमाड-हैदराबाद मार्गावरची गाडी पकडायचा आणि काचीगुड्याला उतरायचा. सातोन्याचे बी. रघुनाथ हैदराबादेत शिकले आणि परभणीला येऊन निजाम सरकारच्या बांधकाम खात्यात कारकुनी करत कथा-कादंबऱ्या लिहीत राहिले. वसमत तालुक्यातल्या कुरुंद्याचे नरहर कुरुंदकरही शिकायला हैदराबादलाच गेले. तिथं 1918 साली स्थापन झालेलं उस्मानिया विद्यापीठ होतं. माध्यम उर्दू, शास्त्राची, कायद्याची, इतिहासाची पुस्तकं उर्दूत आणण्यासाठी स्वतंत्र अनुवाद विभाग. 1938 मध्ये वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हटलं म्हणून विद्यार्थ्यांना काढून टाकलं गेलं, तेही हेच विद्यापीठ. मराठवाड्यातल्या जुन्या पिढीच्या मनात उस्मानियाची आठवण त्यामुळे दुपदरी आहे. शिकवलं त्या विद्यापीठानंच, हाकललंही त्यानंच.

त्या उस्मानियाच्या फुटबॉल संघात विशीच्या आसपासचा एक विद्यार्थी खेळायचा. सय्यद अब्दुल रहीम. जन्म 17 ऑगस्ट 1909. पुढे तो क़मर क्लबकडूनही खेळला, आणि पोटापाण्यासाठी त्याने शिक्षकी धरली. काचीगुडा मिडल स्कूल, उर्दू शरीफ स्कूल, दारुल-उलूम हायस्कूल, चादरघाट हायस्कूल अशा शाळांत त्याने शिकवलं. मध्ये शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि शाळेच्या खेळांची जबाबदारी अंगावर घेतली. परभणीची पोरं ट्रंक-वळकटी घेऊन ज्या काचीगुड्याला उतरत होती, त्याच काचीगुड्याच्या शाळेत भारतीय फुटबॉलचा सगळ्यात मोठा विचार करणारा माणूस हजेरी घेत होता. परभणीच्या कुणी त्याला पाहिलं, त्याच्या हाताखाली कुणी खेळलं, याचा पुरावा माझ्याकडे नाही, आणि ओढूनताणून नातं जोडायची मला गरजही वाटत नाही. एकाच संस्थानातली गोष्ट आहे, एवढं मला पुरे.

रहीमसाहेबांची मोठेपणाची यादी सगळ्यांना ठाऊक असते. 'मैदान' सिनेमा 2024 मध्ये आल्यापासून तर जास्तच. हैदराबाद सिटी पोलीस संघाने 1950 ते 1954 सलग पाच वर्षं मुंबईत येऊन रोव्हर्स कप नेला. 1951 ला दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. 1952 ला हेलसिंकीत युगोस्लाव्हियाकडून 10-1 असा मार, बहुतेक खेळाडू अनवाणी. 1956 ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक. 1962 ला जकार्तात पुन्हा सुवर्ण. त्यानंतर भारताने आशियाई स्पर्धेत फुटबॉलचं सुवर्ण जिंकलेलं नाही.

ही यादी मी बाजूला ठेवतो आणि एका लहान गोष्टीपाशी थांबतो. रहीमसाहेब हैदराबादेत पोरांसाठी अशा स्पर्धा भरवायचे ज्यात चेंडू घेऊन पळायला बंदी असे. ड्रिबलिंग नाही. चेंडू आला की लगेच द्यायचा. आणखी एक प्रकार म्हणजे कमकुवत पायाने खेळायच्या स्पर्धा. उजव्या पायाच्या पोराने सगळा खेळ डाव्याने करायचा. ज्याने कधी शाळेत शिकवलंय त्याला यातली खुबी चटकन कळेल. शिकवण्यातला हा जुना डाव आहे: मुलाला जे येतं ते काढून घ्यायचं, म्हणजे जे येत नाही ते करावंच लागतं. गणिताचा मास्तर पाढे बंद करून बेरजेने उत्तर काढायला लावतो, भाषेचा मास्तर एखादा शब्द न वापरता निबंध लिहायला सांगतो. रहीमसाहेबांनी तेच मैदानावर केलं. ड्रिबलिंग काढून घेतलं की पोराला चेंडू यायच्या आधीच आजूबाजूला पाहावं लागतं: कोण मोकळा आहे, कोण धावतोय, कुणाच्या पाठीवर माणूस आहे. म्हणजे पायाआधी डोकं चालवावं लागतं. गल्लीतल्या प्रत्येक पोराला चार जणांना चकवून गोल करायची हौस असते. त्या हौसेला नियमाने कुलूप लावून विचाराचा दरवाजा उघडायचा, ही युक्ती खेळाडूला सुचेल की शिक्षकाला, सांगता येत नाही. रहीमसाहेब दोन्ही होते म्हणून सुचली.

दुसरी गोष्ट मेलबर्नची. नोव्हेंबर 1953 मध्ये हंगेरीने वेम्बलीवर इंग्लंडला 6-3 असं हरवलं आणि जगभरच्या फुटबॉलवाल्यांची झोप उडवली. हंगेरीचा सेंटर फॉरवर्ड हिदेगकुटी पुढं न थांबता मागे यायचा. त्याच्यावर नेमलेल्या बचावपटूपुढे पेच पडायचा: मागे जावं तर आपली जागा रिकामी, न जावं तर तो मोकळा. रहीमसाहेबांनी हा पेच उचलला आणि भारतीय खेळाडूंच्या चणीला मानवेल असा बेतला. पुढं 4-2-4 म्हणून जी रचना ब्राझीलने 1958 च्या विश्वचषकात गाजवली, तिच्याशी जुळणारा आराखडा घेऊन भारत त्याआधीच खेळत होता असं जाणकार सांगतात. 1 डिसेंबर 1956 ला भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला 4-2 असं हरवलं. मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. उपांत्य फेरी गाठणारा भारत हा पहिला आशियाई देश.

तारीख पुन्हा पाहा. बरोबर महिनाभर आधी, 1 नोव्हेंबर 1956 ला, हैदराबाद राज्य नकाशावरून पुसलं गेलं होतं. मराठवाड्याचे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले, परभणी त्यातली एक. म्हणजे हैदराबादच्या मास्तराने घडवलेला संघ मेलबर्नला खेळत होता तेव्हा परभणीचा हैदराबादशी संसार मोडून महिना झाला होता. राजकीयदृष्ट्या जे झालं ते हवंच होतं. त्यासाठी लोकांनी तुरुंग भोगलेत, रझाकारांचा मार खाल्लाय. पण नव्या घरी जाताना जुन्या घरातली काही भांडी तिथंच राहतात. फुटबॉल हे त्यातलं एक. हैदराबादेत त्या काळी या खेळाची जी शाळा तयार झाली, शाळा म्हणजे अक्षरशः शाळामास्तरांची, ती मराठवाड्याच्या वाट्याला आली नाही.

जकार्ताची गोष्ट थोडक्यात, कारण ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1962. रहीमसाहेबांना कर्करोग झालेला. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाकडून हार. भारतीय पदाधिकाऱ्याच्या एका वक्तव्यावरून यजमान बिथरलेले, स्टेडियम भारताच्या विरोधात. बचावपटू जर्नेलसिंग डोकं फुटल्यामुळे टाके घातलेला. त्याला बसवायचं सोडून रहीमसाहेबांनी त्याला थेट सेंटर फॉरवर्डला उभं केलं. 4 सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात भारताने त्याच दक्षिण कोरियाला 2-1 असं हरवलं. एक गोल पी. के. बॅनर्जींचा, दुसरा जर्नेलसिंगचा. नऊ महिन्यांनी, 11 जून 1963 ला, रहीमसाहेब गेले. त्यांचे चिरंजीव सय्यद शाहिद हकीम 1960 च्या रोम ऑलिंपिक संघात होते. पुढे हवाई दलात अधिकारी, मग आंतरराष्ट्रीय पंच, मग प्रशिक्षक. घरातच शिकवण्याचं आणि खेळण्याचं वेगळं खातं नव्हतं.

आता परत परभणीत येऊ, आणि पहाटे साडेपाचला मैदानावर जाऊ.

इतक्या सकाळी चेंडू क्वचित दिसतो. दिसतात ती धावणारी पोरं-पोरी. हातात स्टॉपवॉच किंवा मोबाइल, अंगात कुठल्या तरी अकॅडमीचा टी-शर्ट. 1600 मीटर 5 मिनिटं 10 सेकंदांच्या आत आले तर 20 पैकी 20 गुण. शिवाय 100 मीटर आणि गोळाफेक, प्रत्येकी 15. मुलींना 1600 च्या जागी 800. असे मैदानाचे 50, मग लेखीचे 100. पोलीस शिपाई भरतीचं हे गणित परभणीतल्या शेंबड्या पोरालाही तोंडपाठ आहे. यातली कितीतरी पोरं एकेकाळी कॉलेजच्या फुटबॉल, कबड्डी, ॲथलेटिक्सच्या संघात होती किंवा अजून आहेत. आठ वाजता मैदान रिकामं होतं आणि हीच पोरं नऊ-दहाला अभ्यासिकेत असतात. खोलीत पाठीला पाठ लावलेल्या केबिन, प्रत्येकीत एक दिवा, एक प्लग, भिंतीला जिल्ह्यांचा नकाशा, टेबलावर लक्ष्मीकांत यांची राज्यव्यवस्था, राज्य मंडळाची सहावी ते बारावीची पुस्तकं आणि मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे. दुपारी डबा, संध्याकाळी पुन्हा मैदान, रात्री अकरापर्यंत पुन्हा केबिन.

खेळाडूला अभ्यास नको असतो असं म्हणणाऱ्याने हा दिनक्रम एकदा पाहावा. आठ-दहा तास बैठक मारणारी ही पोरं आहेत. घटनेची कलमं, पंचवार्षिक योजना, गोदावरीच्या उपनद्या, मराठी व्याकरणातले समास धडाधड सांगतात. कष्टात कसूर नाही. पण मला खटकतं ते दुसरंच. या सगळ्या वाचनातून कुतूहल वजा झालेलं आहे. जे विचारलं जाईल तेवढंच वाचायचं, जे विचारलं जाणार नाही ते वाचणं म्हणजे वेळ घालवणं. हैदराबाद मुक्तिसंग्राम या पोरांना तारखांसह येतो. त्यांचे आजोबा काचीगुड्याला उतरत होते आणि तिथं एक फुटबॉल शिकवणारा मास्तर होता, हे त्यांना येत नाही, कारण ते कुठल्याच प्रश्नपत्रिकेत आलेलं नाही. चूक त्यांची नाही. घरी दोन-चार एकर कोरडवाहू, कापसाचा आणि सोयाबीनचा भाव बेभरवशाचा, बहिणीचं लग्न तोंडावर. अशा पोराला कुणी उठून सांगावं की 'बाबा रे, जरा इकडचंतिकडचंही वाचत जा', तर तो मनातल्या मनात आपल्याला काय म्हणेल ते मला माहीत आहे.

शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के समांतर आरक्षण आहे. यामुळे काही चांगलं झालं: ग्रामीण घरांत मुलाने, विशेषतः मुलीने, खेळायला हरकत कमी झाली. पण खेळाचं प्रमाणपत्र हा नोकरीचा दाखला ठरला आणि त्याचबरोबर खेळाची निवडही बदलली. आपल्याला काय आवडतं हा प्रश्न मागे पडला, आणि कुठल्या खेळात गर्दी कमी आणि पदक लवकर मिळतं याचा हिशोब सुरू झाला. राज्यात बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं बाहेर आली तेव्हापासून पडताळणी कडक झाली आणि खरे खेळाडूही क्रीडा उपसंचालक कार्यालयाच्या पायऱ्या चढू लागले. फुटबॉलसारख्या अकरा जणांच्या खेळाला या हिशोबात फारशी जागा उरत नाही. एकट्याने पदक आणणं सोपं, संघाने आणणं कठीण.

विद्यापीठांची रचनाही खेळाडूला दोनपैकी एक निवड म्हणते. परभणीची बहुतेक कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालयं नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली आहेत. त्याचा युवक महोत्सव 'ज्ञानतीर्थ' नावाने भरतो: एकांकिका, वक्तृत्व, वादविवाद, लोककला. राज्यपातळीवर सांस्कृतिक महोत्सव 'इंद्रधनुष्य' आणि खेळांचा 'अश्वमेध'. कृषी विद्यापीठांच्या जगातही तसंच, 'ॲग्री युनिस्पोर्ट्स' वेगळं आणि 'ॲग्री युनिफेस्ट' वेगळं. नावं, याद्या, ट्रॅकसूट, प्रवासभत्ते, संघ व्यवस्थापक, सगळं निराळं. व्यवस्थापनाच्या सोयीसाठी ते असायला हरकत नाही. पण सरावाच्या आणि तालमीच्या वेळा एकच असतात, दुपारी चारनंतर. मग एकांकिकेत काम करणारा लेफ्ट विंगर किंवा वादविवादात बोलणारी गोलकीपर मुलगी दोघांपैकी एका सरांची बोलणी खाते आणि पुढच्या वर्षी एक गोष्ट सोडून देते. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहशालेय उपक्रमांना श्रेयांक आले आहेत आणि त्यात खेळही आहे, सांस्कृतिक कार्यही आहे. पण तिथंही फॉर्मवर एकाच रकान्यात टिक करायची असते.

आणि हे काही परभणीचंच दुखणं नाही. कागदावर या दोन गोष्टी एका माणसात बसत नाहीत असं जगात सगळीकडेच धरून चालतात, आणि माणसं अधूनमधून ते खोटं पाडत असतात. डेन्मार्कचा हाराल्ड बोर 1908 च्या ऑलिंपिकमध्ये फुटबॉलचं रौप्यपदक जिंकणाऱ्या संघात होता. दोन वर्षांनी त्याने गणितातल्या डॉक्टरेटच्या प्रबंधाची मांडणी केली तेव्हा सभागृहात गणितज्ञांपेक्षा फुटबॉलचे चाहते जास्त होते म्हणतात. त्याचा थोरला भाऊ नील्स गोलमध्ये उभा राहायचा. तोच पुढे अणूची रचना सांगणारा नील्स बोर. अमेरिकेत अंडाकृती चेंडूने जो फुटबॉल खेळतात त्यात कॉलेजच्या सामन्यांना लाखभर माणूस जमतो. त्यातला बायरन व्हाइट कोलोरॅडो विद्यापीठाचा हिरो, मग ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला, आणि 1962 ते 1993 अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती. जॉन अर्शेलने त्याच खेळातली व्यावसायिक कारकीर्द 2017 मध्ये सोडली आणि एमआयटीतून गणितात पीएच.डी. केली.

आपल्याकडेही उदाहरणं आहेत. आपण ती फक्त 'अपवाद' या खणात टाकून देतो. पुण्याचे दि. ब. देवधर सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृत शिकवायचे आणि महाराष्ट्राचं कर्णधारपद सांभाळून त्यांनी 1939-40 आणि 1940-41 असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक आणला. पन्नाशी उलटल्यावर एकाच रणजी सामन्यात त्यांनी दोन शतकं ठोकली. संस्कृतचा प्राध्यापक म्हणून त्यांना कुणी सवलतीचे गुण दिले नव्हते.

पण मला देवधरांपेक्षाही जवळचा वाटतो तो तालिमेरेन आओ. नागा टेकड्यांतल्या चांगकी गावचा, एका पाद्र्याचा मुलगा. वडील विषमज्वराने गेले. मुलाने डॉक्टर होऊन माणसांची सेवा करावी ही त्यांची इच्छा. पोरगा कलकत्त्याला कारमायकेल मेडिकल कॉलेजात शिकायला आला आणि मोहन बागानकडून खेळू लागला. 1948 ला लंडन ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताच्या पहिल्या फुटबॉल संघाचा तो कर्णधार. उद्घाटनाच्या संचलनात तिरंगाही त्याच्याच हातात. संघ फ्रान्सकडून 2-1 असा हरला, दोन पेनल्टी वाया गेल्या. कीर्तीच्या ऐन भरात तो परत येऊन पुन्हा पुस्तकांसमोर बसला, 1950 मध्ये एम.बी.बी.एस. झाला, नागा टेकड्यांत गेला आणि सरकारी डॉक्टर म्हणून राहिला. दूरच्या, मागास म्हणवल्या जाणाऱ्या मुलुखातून मोठ्या शहरात शिकायला आलेला, खेळात नाव काढलेला, घरचा शब्द डोक्यावर असलेला पोरगा. पूर्णा, पालम, सोनपेठकडच्या पोरांना त्याची गोष्ट कुणी सांगितली तर ती परकी वाटणार नाही.

आपल्या मराठी माणसाने केलेला फुटबॉलचा गाजलेला सिनेमा म्हणजे नागराज मंजुळेंचा 'झुंड', 2022 चा. तो नागपूरच्या विजय बारसे यांच्या कामावर बेतला आहे. बारसे हिस्लॉप कॉलेजात खेळाचे शिक्षक होते; झोपडपट्टीतली पोरं पावसात चेंडूसदृश काहीतरी तुडवताना त्यांनी पाहिली आणि त्यातून 'स्लम सॉकर' उभं राहिलं. काम मोठं आहे, सिनेमाही ताकदीचा. तरी एक गोष्ट माझ्या मनात येतेच. आपल्या कथांमध्ये फुटबॉल पोराला वाईट नादापासून वाचवतो. फुटबॉल खेळणाऱ्या पोराला एखादं पुस्तक, एखादं कोडं, एखादी भाषा वेड लावते, अशी गोष्ट कुणी लिहीत नाही. खेळ हा उपाय म्हणून चालतो. खेळाडूला स्वतःचं आतलं जग असू शकतं, हे अजून आपल्या कल्पनेत बसलेलं नाही.

काय करता येईल, हे सांगायला मी कुठल्या समितीवर नाही. पण रहीमसाहेबांच्या पद्धतीने, म्हणजे मास्तरकीच्या पद्धतीने, दोन-तीन गोष्टी परभणीतही होऊ शकतात आणि त्यांना फार पैसा लागत नाही. कृषी महाविद्यालयाच्या एखाद्या विद्यार्थ्याने प्रकल्प म्हणून आपल्याच मैदानाचा माती-अहवाल करावा: किती टक्के चिकणमाती, पाणी किती वेळात जिरतं, मुरमाचा थर दिला तर काय फरक पडतो. संघातला राखीव खेळाडू, जो बाकावर बसून शेंगा खातो, त्याने सामन्याची टिपणं ठेवावीत: कुणी किती पास दिले, चेंडू कुठल्या बाजूने हरवला. ही संख्याशास्त्राची प्रात्यक्षिक वहीच आहे आणि संख्याशास्त्राच्या सरांनी ती तपासून गुण द्यायला हरकत नसावी. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मनमाड-काचीगुडा मार्गावरून शिकायला गेलेल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी नोंदवाव्यात. ऐंशी-नव्वदीतली ही माणसं गावोगावी अजून आहेत, उर्दू वाचणारी, आणि त्यांच्यातला एखादा उस्मानियाच्या मैदानावर चेंडू खेळलेला निघाला तर ती नोंद महाराष्ट्रात दुसऱ्या कुणाकडे नसेल.

यातला पहिला अडथळा मात्र विचाराचा नसून कारकुनीचा आहे. कॉलेजच्या क्रीडा विभागात एक डेडस्टॉक रजिस्टर असतं. त्यात जाळी, चेंडू, पंप, शिट्टी, गोळा, भाला यांची नोंद होते. फुटबॉलच्या डावपेचांवरचं पुस्तक त्यात चढवता येत नाही, कारण पुस्तक ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीत चढतं. ग्रंथालयात ते घ्यायचं तर विषयवार मागणी विभागप्रमुखांनी करायची, आणि क्रीडा हा पदवीचा विषय नसल्यामुळे त्याची मागणी यादीच्या शेवटी. घेतलंच तर ते ज्या कपाटात जातं ते कपाट ग्रंथालय उघडं असेपर्यंतच उघडतं, आणि संघाचा सराव त्यानंतर सुटतो. पीटी सरांनी ठरवलं तर ते पुस्तक स्वतःच्या नावावर घेऊन क्रीडा विभागाच्या खोलीत, चेंडूंच्या जाळीशेजारी ठेवू शकतात. फाटलं तर भरपाई त्यांच्या पगारातून.